रुमालाने धरलेली जागा

मी वारलो तो एका मंगळवारी, दुपारी एकच्या सुमारास, आणि तोही जागा धरायला गेलो म्हणून. हृदयविकार, अपघात असं काही सांगण्यासारखं कारण असतं तर घरच्यांना चारचौघांत मान वर करून बोलता आलं असतं. पण स्टुलावर रुमाल टाकल्याने गेलेला माणूस आमच्या सबंध घराण्यात मी पहिलाच.

झालं ते असं. बदली होऊन या परक्या शहरात आलो त्याला तीन आठवडे झाले होते. ऑफिसच्या मागच्या गल्लीत एक खाण्याची गाडी लागते. गाडीवर एक मोठं पातेलं, पातेल्यामागे साठीच्या एक बाई, आणि गाडीभोवती बारा लाकडी स्टुलं. मिळतं एकच. चिनीमातीच्या वाटीत जाड शेवया, त्यावर उकळता रस्सा, वर चिरलेला कांदा आणि त्या दिवशी बाईंच्या मनात असेल ते. सगळे त्याला नुसतं 'वाटी' म्हणतात आणि बाईंना 'वाटीवाली'. पहिल्या दिवशी मी वाटी तोंडाला लावली आणि माझ्या कानांतून वाफ बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी मी घरून डबा आणणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात साडेबारा वाजले की मला समोरच्याचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं; नुसते ओठ हलताना दिसायचे आणि त्यांच्या मागे शेवया.

घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. स्टुलं बारा आणि खाणारे शंभर. आमचं ऑफिस, शेजारची बँक, न्हावी, माझी घरमालकीण, अशी अख्खी गल्ली दुपारी तिथेच जेवते. त्या मंगळवारी मला गाडीच्या डाव्या अंगाचं कोपऱ्यातलं स्टूल मोकळं दिसलं. वाटीच्या रांगेत उभं राहावं तर स्टूल जाणार, स्टुलावर बसावं तर वाटी राहणार. अशा वेळी आपला कुठलाही माणूस जे करेल तेच मी केलं. खिशातून रुमाल काढला आणि स्टुलावर टाकला.

हे आपल्या रक्तातच आहे. बसची खिडकी असो, पंगत असो, नाटकाची खुर्ची असो, रुमाल पडला की जागा आपली. माझ्या मावशीने एकदा चालत्या बसच्या खिडकीतून रुमाल भिरकावला होता. तो आत बसलेल्या एका गृहस्थांच्या मांडीवर पडला आणि ते गृहस्थ निमूटपणे उठून उभे राहिले. मी टाकला तो रुमालही तिचाच. निघताना तिने डझनभर पांढरे रुमाल दिले होते आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने पोपट भरला होता. मावशीच्या मते तो पोपट आहे. आम्ही वाद घालत नाही.

रुमाल स्टुलावर पडला आणि गल्ली गप्प झाली.

गप्प म्हणजे कशी, तर पातेल्यातला बुडबुडा फुटलेला ऐकू येईल अशी. लोकांचे चमचे होते तिथेच थांबले. बँकेच्या रखवालदाराने डोक्यावरची टोपी काढली. न्हावी आभाळाकडे बघायला लागला. वाटीवालीने रुमालाकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या कानापासून वीतभर लांब कुठेतरी पाहिलं आणि क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं, गॅस संपला असावा.

मग तिने वाटी भरली, जी बाई रांगेतल्या कोणासाठी कधी गाडीमागून हलत नाही ती बाहेर आली, आणि दोन्ही हातांनी वाटी माझ्या स्टुलापुढच्या फळीवर ठेवून गेली. म्हटलं, वा! नव्या माणसाचा मान ठेवतात. मी रुमाल उचलून खिशात घातला आणि ऐसपैस बसून जेवलो. गंमत म्हणजे एवढ्या गर्दीत माझ्या बाजूला कोणी येईना. फक्त शेजारच्या स्टुलावर, चौकडीच्या पंच्यावर, तपकिरी टोपी घातलेले एक काका बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. स्वागत करतात तशी नाही, 'तुम्हीही का?' अशी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचा आपोआप उघडणारा काचेचा दरवाजा माझ्यासाठी उघडेना. तो दरवाजा तसाही लहरी आहे, साहेबांनाही कधीकधी नाचायला लावतो. मी दुसऱ्या कोणाच्या तरी मागून आत शिरलो. बघतो तर माझ्या खुर्चीत फायलींचा गठ्ठा, आणि माझा चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच धुतला गेला होता. पलीकडे सगळे गोल करून उभे होते. कोणीतरी गेलंय हे चेहऱ्यांवरून कळलंच. मीही मागच्या रांगेत जाऊन मान खाली घातली. कोण ते माहीत नव्हतं, पण 'चांगला माणूस होता,' असं मनात म्हणून घेतलं.

"ते आपल्यात फार दिवस नव्हते," साहेब म्हणाले, "पण होते."

हजेरी बघणारा कारकून पुढे झाला. "प्रिंटरमधला कागद संपला की ते आवर्जून सांगायचे," तो म्हणाला. "भरायचे नाहीत. पण सांगायचे."

तेव्हा मी खाली घातलेली मान वर केली. या ऑफिसात प्रिंटरबद्दल आवर्जून सांगणारा माणूस एकच आहे.

मग एक मिनिट शांतता पाळली. मी घड्याळ लावून सांगतो, चाळीस सेकंद. त्यात कोणाचा तरी फोन वाजला आणि तो उचललाही गेला. मी पुढे जाऊन हजेरीवाल्याच्या तोंडासमोर हात हलवले. "अहो, मी हा इथे उभा आहे!" त्याने अंग चोरलं, खांद्यावरून हात फिरवला आणि मागे वळून म्हणाला, "तो एसी जरा कमी करा रे."

माणसाला कधीतरी मरायचं आहे हे मी मान्य करतो. पण आपली शोकसभा स्वतः ऐकायची, आणि तिच्यात प्रिंटरपलीकडे विषय जाऊ नये, हे फार लागतं.

एक वाजता सवयीने गाडीवर गेलो. कोपऱ्यातल्या स्टुलावर रुमाल होता. पांढरा. निळा पोपट. धुतलेला, कडक इस्त्री केलेला. मी खिसा चाचपला. काल खिशात घातलेला रुमाल खिशात नव्हता. वाटीवाली आली, दोन्ही हातांनी वाटी ठेवून गेली.

"बसा," शेजारचे टोपीवाले काका म्हणाले. "उभं राहून काय होणार आहे?"

"काका! तुम्हाला मी दिसतो?"

"न दिसायला काय झालं? आपण शेजारी आहोत."

मग त्यांनी मला समजावलं. या गाडीची एक रीत आहे. नेहमीचं गिऱ्हाईक वारलं, की घरचं माणूस त्याचं एखादं फडकं आणून त्याच्या स्टुलावर टाकतं. मग रोज एक वाजता त्याची वाटी त्याच्यापुढे ठेवायची. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, निवांत जेवू द्यायचं. घरच्यांचं मन भरलं की तेच येऊन फडकं उचलून नेतात. तोवर जागा त्याची.

"पण मी गेलेलो नाही हो!"

काकांनी मला टोपीच्या खालून नीट न्याहाळलं. "ते मी कसं सांगू?" ते म्हणाले. "मी त्यातला जाणकार नाही."

"मी नुसती जागा धरली होती."

"मीही जागा धरूनच आहे. नऊ वर्षं झाली."

मला त्यांची खरोखर कीव आली. माझ्यासारखाच बिचारा रुमाल टाकायला गेला आणि फसला! पण नऊ वर्षांत साधा खुलासा करता येऊ नये? काही माणसं फार मुखदुर्बळ असतात. मी त्यांना म्हटलं, "काका, काळजी करू नका. मी यातून बाहेर पडलो की तुमचंही बघतो."

"माझं एकच बघा," काका म्हणाले. त्यांनी चमचाभर रस्सा चाखला आणि तोंड वाकडं केलं. "अळणी. रोज अळणी. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितलं, हिने त्या दिवशी बंद केलं ते आजतागायत बंद."

"मग सांगा ना वाटीवालीला."

"बायको आहे हो ती माझी," काका पातेल्याकडे बघत म्हणाले. "पूर्वीही ऐकायची नाही. आता तर ऐकूच जात नाही."

मी म्हटलं, अबोला इतका ताणू नये. पण नवरा-बायकोच्या मध्ये मी पडत नाही. एवढंच म्हणालो, "माझं काम झालं की तुमचं मिठाचं मी सांगतो. शब्द दिला."

त्या आठवड्यात मी तो रुमाल चार वेळा उचलून आणला. एकदा कपाटात कुलूप लावून ठेवला. एकदा बादलीत भिजत घातला. दुसऱ्या दिवशी एक वाजता तो स्टुलावर, घडी घातलेला, आणि घडीला हात लावला तर इस्त्रीची ऊब अजून होती. रुमाल घरच्याच माणसाने उचलावा लागतो, ज्याचा त्याने नाही, हे काकांनी नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर एक बादली पाणी वाचलं असतं.

दरम्यान घरीही मी उरलो नव्हतो. घरमालकीण रोज वाटी खाणारी. गुरुवारी सकाळी मी पलंगावर आडवा असतानाच ती खोलीत आली, खिडक्या उघडल्या, माझ्या पायांशी बसली आणि उसासा टाकला. मला भरून आलं. मग ती म्हणाली, "चादरी मात्र पिवळ्या करून गेला." आणि दाराबाहेर पाटी लावली: 'खोली भाड्याने देणे आहे. शांत माणूस हवा. आधीचे फारच शांत होते.' नवा भाडेकरू पुढच्या शनिवारी संध्याकाळी सामान घेऊन येणार, असंही तिने फोनवर कोणाला तरी सांगितलं.

मी आईला फोन लावला. ती वाटी खात नसल्यामुळे बोलली.

"आवाज किती लांबून येतोय रे तुझा."

"आई, मी लांबच आहे."

"नाही, पण आज जास्तच लांबून येतोय. जेवतोस ना? आणि हे बघ, मावशी येतेय तुझ्याकडे. पुढच्या शनिवारी. तिला तुझी ती वाटी खायचीये. मी म्हटलं, भाच्याला भेटायला जातेयस ना? तर म्हणाली, तोही भेटेल."

ऑफिसात हजेरीच्या यंत्रावर अंगठा उमटेना, घरात पाटी लागलेली. म्हटलं, आता सरकारी मार्गाने जावं. नगरपालिकेत हयातीचा दाखला मिळतो. पेन्शनवाले दरवर्षी काढतात. खिडकी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती आणि खिडकीमागच्या चष्मेवाल्या बाई घरून डबा आणत होत्या, म्हणून त्यांना मी दिसलो. अगदी स्वच्छ नाही. त्यांनी दोनदा चष्मा पुसला.

"अर्जदार कुठाय?" त्या म्हणाल्या.

"मीच."

"ज्याची हयात सिद्ध करायचीये तो?"

"तोही मीच."

"असं चालत नाही. स्वतःच स्वतःबद्दल कोणीही सांगेल. दोन साक्षीदार आणा, गेल्या तीन दिवसांत तुमच्याशी समक्ष बोललेले."

रांगेत माझ्या मागे एक पेन्शनर आजोबा होते. ते लगेच पुढे सरसावले. "मी देतो साक्ष! हा मनुष्य सकाळपासून माझ्या पायावर उभा आहे. मेलेला माणूस इतका जड नसतो." त्यांनी ठसठशीत सही केली. माझी मान ताठ झाली.

दुसरे साक्षीदार मी सोबतच आणले होते. टोपीवाले काका. 'वाटी संपली की मला दुसरं काय काम असतं,' म्हणत ते आले होते आणि खिडकीशेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्यापुढे कागद धरला. काकांनी सही केली. कागदावर काही उमटलं नाही. पुन्हा गिरवली. कागद कोराच.

"तुमचं पेन खराब आहे," मी खिडकीत म्हणालो.

"आत्ता तर चाललं," बाई म्हणाल्या. "आणि दुसरे साक्षीदार कुठायत?"

"हे काय, बसलेत ना."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर एक कबूतर बसलं होतं, ते उडून माझ्या खांद्यावर येऊन बसलं आणि तिथेच पिसं साफ करू लागलं. बाईंनी स्वेटरची वरची बटणं लावली, माझ्या अर्जावर 'अपूर्ण' असा शिक्का मारला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, दाखल्याच्या मागे लागू नका. एखादं रक्ताचं माणूस आणा. आपल्या माणसाने ओळखलं की झालं." मग खुर्चीकडे न बघता, "आणि पुढच्या वेळी… एका वेळी एकानेच या."

कबूतर बसस्टॉपपर्यंत खांद्यावर होतं. हाकललं तरी जाईना. काका म्हणाले, "राहू दे. कबुतरांना जित्या माणसांची भीती वाटते, आपली नाही वाटत." 'आपली' या शब्दाने मला कसंतरीच झालं, पण मी विषय बदलला.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी मात्र जे पाहिलं त्याने माझी पाचावर धारण बसली. गाडीच्या उजव्या अंगाला एका स्टुलावर पिवळी ओढणी असायची आणि तिच्यावर एक बारीकशा बाई बसून काहीतरी गुणगुणत जेवायच्या. आमच्यासारख्याच, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी दुपारी एक तरुण मुलगी गल्लीत आली. वाटीवालीच्या गळ्यात पडली. मग त्या स्टुलाशी गेली, ओढणी अलगद ओढून घेतली, घडी केली, गालाला लावली आणि पर्समध्ये ठेवली.

गुणगुणणं मध्येच थांबलं. स्टूल रिकामं होतं. वाटीतला चमचा अजून हलत होता.

"बस पकडायला गेल्या असतील," मी म्हणालो. माझा आवाज मलाच फार लांबून आला.

काकांनी चमचा वाटीत ठेवून दिला.

"काका, त्या गेल्या कुठे?"

"जिकडच्या तिकडे."

"म्हणजे माझ्या मावशीने माझा रुमाल उचलला तर मी…?"

"तुम्ही जिकडचे असाल तिकडे," काका म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हाताला वजन नव्हतं. एवढ्या दिवसांत माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. "आणि एक ध्यानात ठेवा. तिने वाटी खायच्या आधी रुमाल उचलला पाहिजे. एक घास जरी पोटात गेला तरी तीही या गाडीची झाली. मग तिलाही तुम्ही दिसायचे नाही."

आता माझ्या मावशीबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. रस्त्यावर काही शिजत असेल तर ती ते खाते, आणि चौकशी नंतर करते. परगावी उतरली की लोक देवळं विचारतात, ही 'इथे गर्दी कुठल्या गाडीवर असते?' असं विचारते. दोन देशांत तिने पासपोर्टवर रस्सा सांडलेला आहे. अशा बाईला उकळत्या वाटीपुढून उपाशी उठवायचं, त्याआधी तिला रुमाल दाखवायचा, आणि तो तिने उचलल्यावर मी या जगात उरेन की त्या बारीकशा बाईंसारखा मध्येच थांबेन, ते ठाऊक नाही. दोन रात्री मी छताकडे बघत होतो. उरलो नाही तर आई काय म्हणेल? 'आवाज लांबून येत होता,' एवढंच म्हणेल.

शनिवारी मी सकाळपासून विमानतळावर जाऊन थांबणार होतो. तिने कळवलं, "येऊ नकोस. गाडीचा पत्ता आहे माझ्याकडे, मी बॅगेसकट थेट तिथेच येते. एक वाजता भेट." त्यानंतर तिचा फोन बंद. मी बारापासून गल्लीच्या तोंडाशी पहारा देत उभा राहिलो. एक वाजला. ऊन असं डोक्यावर आलं होतं की गल्लीत कशाचीच सावली पडत नव्हती, त्यामुळे माझी पडते की नाही हेही बघता येईना. आणि सव्वाएकला माझ्या लक्षात आलं, की गल्लीला दोन तोंडं आहेत.

मी धावलो. मावशी गाडीपुढे उभी होती. एका हातात चाकांची बॅग, दुसऱ्या हातात वाटी. चमचा भरलेला. ती त्यावर फुंकर घालत होती.

"मावशी!" मी ओरडलो. माणसं ओरडतात तसा आवाज निघालाच नाही. पातेल्यावरचं झाकण सरकावं, तेवढाच झाला.

मावशीने मान वळवली. "हाक मारल्यासारखं झालं गं," ती वाटीवालीला म्हणाली.

"वारा असेल," वाटीवाली म्हणाली.

मावशीने चमचा ओठांशी नेला. मी तिच्या अगदी समोर उभा होतो, पण वाटी हातात घेतली तेव्हाच ती अर्धी गाडीची झाली असावी; तिची नजर माझ्यावर ठरेना. चमच्यातली वाफ माझ्यातून आरपार गेली की बाजूने गेली, देव जाणे. आणि तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यात गेली.

"अगंबाई! जागा आहे की!"

चमचा परत वाटीत गेला. उभ्याने खाणं तिला पटत नाही. ती तरातरा कोपऱ्यातल्या स्टुलाशी गेली आणि तिथला रुमाल तिला दिसला. गल्ली पुन्हा गप्प झाली. रखवालदाराची टोपी पुन्हा हातात आली.

मावशीने आयुष्यभर हजार ठिकाणी रुमाल टाकले आहेत, पण दुसऱ्याचा रुमाल तिने आजवर कधी मानलेला नाही. तिने दोन बोटांच्या चिमटीत तो उचलला. बाजूला फेकणार, एवढ्यात कोपरा तिच्या डोळ्यांपुढे आला.

"हा तर माझा पोपट!"

त्या क्षणी मी नव्हतो. याहून चांगलं मला सांगता येत नाही. पाय नव्हते, भूक नव्हती, उकाडा नव्हता. पांढरं ऊन होतं आणि त्यात कुठेतरी एक निळा पोपट, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की हो, हा पोपटच आहे. मग मावशीच्या बॅगेचं चाक माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावरून गेलं. असं दुखलं, असं दुखलं, की मला आनंदाने रडू फुटलं.

"आलास? असा काय बघतोस भुतासारखा?" मावशी म्हणाली. "आणि ह्याला इस्त्री कोणी केली? तू तर करायचा नाहीस."

गल्लीत चमचे वाजायला लागले. मला वाटलं, लोक आता मिठी मारतील, माफी मागतील. हजेरीवाला तोंडातला घास न गिळता म्हणाला, "काय हो, इतके दिवस रजेचा अर्ज न देता कुठे होतात?" घरमालकीण म्हणाली, "खोली मी दिलीये हं दुसऱ्याला. आणि चादरी तुम्ही धुवायच्या." इतक्या दिवसांत माझी कोणालाच आठवण आली नव्हती, हे एक वेळ चालेल. पण परत आल्याचं आश्चर्यही वाटू नये?

"काका, बघितलंत का?" मी हसत शेजारी वळलो.

शेजारी कोणी नव्हतं. स्टुलावर चौकडीचा पंचा होता, नऊ वर्षांनी विटलेला, पण घडीला घडी जुळवून ठेवलेला. पुढे फळीवर वाटी नव्हती. गर्दीत आज उशीर झाला होता, वाटीवाली ती आत्ता भरत होती.

मी त्या पंच्याकडे बघितलं. मुखदुर्बळ म्हणालो होतो मी त्यांना. मग गाडीशी गेलो.

"बाई, त्या वाटीत थोडं मीठ घाला."

पळी हवेत थांबली. "त्यांना चालत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बंद केलंय."

"आता चालेल."

तिने पातेल्यात बघत विचारलं, "कोण म्हणालं?"

"अळणी लागतं म्हणाले. रोज."

"आणखी काय म्हणाले?"

मला पुष्कळ सांगता आलं असतं. पण शब्द मिठाचाच दिला होता. "पूर्वीही ऐकायची नाही, म्हणाले."

वाटीवालीने चिमूटभर मीठ घातलं. थांबली. मग आणखी चिमूटभर घातलं, रागाने घालतात तसं. गाडीमागून बाहेर आली, दोन्ही हातांनी वाटी पंच्यापुढे ठेवली, परत गेली आणि आमच्याकडे पाठ करून कांदा चिरत उभी राहिली. खूप वेळ चिरत होती. त्या दिवशीच्या कांद्याचा सकाळीच चिरून ठेवलेला ढीग तिच्या पुढ्यातच होता.

मी मावशीशेजारी उभ्यानेच जेवलो. बसायची इच्छा नव्हती. मावशीने पहिला घास घेतला, डोळे मिटले, "आता मेले तरी चालेल" म्हणाली, आणि मी तिला असलं काही इथे बोलू नकोस असं सांगितलं. तिची पर्स मांडीवरून घसरत होती.

"ह्या बाजूच्या स्टुलावर ठेवू का रे? रिकामंच आहे."

"नको!"

"ओरडतोस काय?" मावशीने शेजारी वाकून पाहिलं. मग पर्स परत मांडीवर घेतली. "खरंच की. कोणीतरी बसलंय वाटतं. वाटी निम्मी झालीये बघ."

आणि आपलं स्टूल थोडं अलीकडे ओढून घेत, आपल्याकडे अनोळखी माणसाला म्हणतात तसं, ती त्या पंच्याला म्हणाली, "बसा, बसा. सावकाश होऊ द्या."